माशाच्या पिल्लांना कोणता मेद मानवतो?

रायगडच्या खारपट्टीत जिताड्याचा मान मोठा आहे. शेताकडेच्या तळ्यात हा मासा वाढवण्याची तिथली रीत जुनी, पण तळ्यात सोडायचं बीज मात्र खाडीतून पकडून आणावं लागे, आणि खाडी दरवर्षी सारखं बीज देत नाही. चेन्नईच्या ‘सीबा’ या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संस्थेनं १९९७ मध्ये भारतात प्रथमच जिताड्याचं बंदिस्त जागेत प्रजनन घडवून आणलं, तेव्हा बीजाची चिंता मिटण्याची वाट दिसू लागली. जिताड्याची मोठी मादी लाखो अंडी घालते आणि ती अंडी उबदार खाऱ्या पाण्यात एका दिवसाच्या आत फुटतात. तरीही बीज महाग आणि दुर्मीळ राहतं, कारण पहिल्या तीन-चार आठवड्यांत पिल्लं मोठ्या संख्येनं दगावतात. काही एकमेकांना खातात, काही पाणी बिघडल्यानं जातात. पण कोड्यात टाकतात ती तिसरी पिल्लं. कृत्रिम खाद्यावर वाढवलेल्या समुद्री माशांच्या पिल्लांत हे वारंवार आढळलेलं आहे: सूक्ष्मदर्शकाखाली आतडं भरलेलं दिसतं, आतड्याच्या पेशींत तेलाचे थेंबही दिसतात, आणि तरी वाढ खुंटलेली असते. खायला मिळालं, पिल्लानं ते खाल्लं, मग ते अंगी का लागलं नाही?

अनेक वर्षं याचं एकच उत्तर दिलं जाई. नवजात पिल्लाला जठर नसतं, म्हणून त्याला कोरडं खाद्य पचत नाही. हे उत्तर अर्धंच आहे. गेल्या चाळीसेक वर्षांतल्या प्रयोगांनी त्याचा उरलेला अर्धा भाग पुढे आणला आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. खाद्यात मेद, म्हणजे स्निग्ध पदार्थ, किती आहे याच्या आधी तो कोणत्या रूपात आहे हे पाहायला हवं. मेद हे पिल्लाचं इंधन आहे हे खरंच. पण मेदाचा एक प्रकार असा आहे की ज्याच्यापासून आतडं स्वतः घडतं, आणि बाकीचा मेद आतड्यातून पुढे न्यायलाही तोच लागतो. तो कमी पडला तर खाद्यात तेल जितकं जास्त तितकी पिल्लाची अडचण जास्त.

तोंड उघडतं तेव्हा आतडं किती तयार असतं?

अंड्यातून बाहेर पडलेलं जिताड्याचं पिल्लू जेमतेम दीड मिलिमीटर लांब असतं. शास्त्रात या अवस्थेला डिंभक म्हणतात. तेव्हा त्याचं तोंड बंद असतं, गुदद्वार बंद असतं, आणि आतडं म्हणजे एक सरळ नळी असते. तिच्यात जठर कुठलं आणि आतडं कुठलं हे वेगळं ओळखू येत नाही. पोटाशी बलकाची पिशवी आणि तिच्यात तेलाचा एक थेंब, एवढी शिदोरी घेऊन ते जन्मतं. दोनेक दिवसांत तोंड उघडतं, आणि तोवर बलक संपत आलेला असतो. आईनं दिलेलं अन्न सरणं आणि बाहेरचं अन्न पचवू लागणं या दोन घटनांमध्ये मोकळा वेळ जवळपास राहत नाही. आतडं घडत असतानाच त्याला कामाला लागावं लागतं, आणि ते घडवण्याचं साहित्यही त्याच अन्नातून मिळवावं लागतं.

जठर तयार व्हायला जिताड्यात साधारण दोन ते अडीच आठवडे लागतात. जठर तयार होणं म्हणजे आम्ल आणि पेप्सिन स्रवणाऱ्या ग्रंथी काम करू लागणं. पेप्सिन हे एक विकर आहे, म्हणजे अन्नाचे मोठे रेणू तोडणारं प्रथिन. तोवरचं सगळं पचन आतड्यातल्या अल्कधर्मी रसात होतं. स्वादुपिंडातून प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन, पिष्ट तोडणारं अमायलेज आणि मेद तोडणारं लायपेज येतं, तर यकृतातून पित्त येतं. प्रथिनांचे काही न तुटलेले तुकडे आतड्याच्या शेवटच्या भागातल्या पेशी तसेच आत ओढून घेतात आणि आतल्या आत पचवतात. जठर नसलं तरी पिल्लाची सोय अशी काही प्रमाणात झालेली असते. म्हणून केवळ जठराच्या अभावाला दोष देऊन भागत नाही.

खरी मोठी घडामोड आतड्याच्या अस्तरात होते. अस्तरातल्या प्रत्येक पेशीच्या पोकळीकडच्या कडेवर अतिशय बारीक उंचवटे उगवतात. त्यांना सूक्ष्मांकुर म्हणतात. त्यांच्यामुळे शोषणाची जागा कित्येक पटींनी वाढते आणि पचनाचा शेवटचा टप्पा पार पाडणारी विकरं, उदाहरणार्थ अल्कलाइन फॉस्फेटेज आणि अमिनोपेप्टिडेज, याच उंचवट्यांवर बसलेली असतात. अगदी लहान पिल्लात ही विकरं कमी असतात आणि पेशीच्या आत काम करणारी विकरं जास्त. आतडं पक्व होऊ लागलं की हे प्रमाण उलटतं. युरोपीय सीबास या माशात साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हा बदल दिसतो. दोन्ही प्रकारच्या विकरांचं गुणोत्तर मोजून आतडं किती पक्व झालं ते संशोधक ठरवतात. पोषण चुकलं तर हा बदल लांबतो किंवा अर्धवट राहतो. आतड्याचं वय दिवसांत मोजून चालत नाही ते यामुळेच. एकाच दिवशी जन्मलेल्या आणि वेगळं खाद्य खाल्लेल्या दोन पिल्लांची आतडी वेगवेगळ्या टप्प्यांवर असू शकतात.

फरक एका जागेचा

आपण ज्याला तेल म्हणतो, मग ते माशाचं असो की सोयाबीनचं, ते मुख्यतः ट्रायग्लिसराइड या रेणूंचं बनलेलं असतं. ग्लिसरॉल नावाचा एक छोटा कणा आणि त्याच्या तीन जागांवर तीन मेदाम्लं, अशी त्याची रचना. फॉस्फोलिपिडमध्ये बहुधा तोच कणा असतो, पण मेदाम्लं दोनच असतात. तिसऱ्या जागी फॉस्फेटचा गट असतो आणि त्याला कोलीन किंवा इनॉसिटॉलसारखा आणखी एक रेणू जोडलेला असतो. एका जागेच्या या फरकानं रेणूचा स्वभावच बदलतो. ट्रायग्लिसराइड पाण्यापासून पूर्ण फटकून राहतं. फॉस्फोलिपिडचं फॉस्फेटचं टोक पाण्यात रमतं आणि मेदाम्लांचं टोक तेलात, म्हणून तो रेणू तेल आणि पाणी यांच्या सीमेवर स्थिरावतो. सजीवांच्या प्रत्येक पेशीचं आवरण याच रेणूंच्या दुहेरी थराचं असतं. सूक्ष्मांकुर म्हणजे मुख्यतः घड्या पडलेलं पेशीचं आवरणच असल्यामुळे आतडं पक्व होण्याला फॉस्फोलिपिड भरपूर लागतं, हे वेगळं सांगायला नको.

हे दोन रेणू पचतातही वेगळ्या रीतीनं. समुद्री माशांच्या पिल्लांत पित्तातल्या क्षारांमुळे कार्यरत होणारं लायपेज ट्रायग्लिसराइडची मेदाम्लं सुटी करतं. फॉस्फोलिपिडवर फॉस्फोलायपेज ए२ हे विकर काम करतं. ते दोनपैकी एकच मेदाम्ल सोडवतं. फॉस्फेट जोडलेला कणा अखंड राहतो, तसाच पेशीत शिरतो, आणि पेशी त्याला पुन्हा एक मेदाम्ल जोडून फॉस्फोलिपिड पूर्ण करते. खाद्यात फॉस्फोलिपिड असलं तर पेशीला तयार कणा मिळतो. नुसतं तेल असलं तर तो कणा पेशीला मुळापासून बनवावा लागतो. मोठा मासा तो पुरेसा बनवू शकतो. नवजात पिल्लाची ही क्षमता तोकडी असते आणि गरज मात्र प्रचंड असते, कारण त्याच्या शरीरात रोज असंख्य नव्या पेशी तयार होत असतात आणि प्रत्येक पेशीला आवरण हवं असतं. बलकात फॉस्फोलिपिड भरपूर असतं. बलक संपल्यावर पिल्लाला नेमकं तेच बाहेरून मिळावं लागतं.

पचलं, पण पोहोचलं नाही

मेद पचला म्हणजे तो शरीराला मिळाला असं आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात मधे आणखी एक पायरी आहे आणि लहान पिल्लाचं घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं. ती समजून घ्यायला घरातलं दूध पुरेसं आहे. दुधात स्निग्धाचे अगणित थेंब तरंगत असतात, तरी दुधावर तेलाचा तवंग येत नाही, कारण प्रत्येक थेंबाभोवती फॉस्फोलिपिड आणि प्रथिनं यांचं पातळ आवरण असतं. विरजलेली साय रवीनं घुसळली की ही आवरणं फाटतात, उघडे पडलेले थेंब एकमेकांना चिकटतात आणि लोण्याचा गोळा वर येतो. स्निग्धाला पाण्यात मोकळेपणानं फिरू देणारी गोष्ट ते आवरण असते. आवरण गेलं की स्निग्ध एका जागी गोळा होतं.

आतड्याच्या पेशीतही हेच घडतं, फक्त उलट्या क्रमानं. लायपेजनं सुटी केलेली मेदाम्लं पेशीत शिरतात आणि तिथे पुन्हा जोडली जाऊन त्यांचं ट्रायग्लिसराइड बनतं. ते पेशीबाहेर काढून रक्तात सोडायचं असतं, पण रक्त मुख्यतः पाणी आहे. म्हणून पेशी मेदाचा छोटा थेंब करते आणि त्याभोवती फॉस्फोलिपिड आणि एका खास प्रथिनाचं आवरण चढवते. या आवरण चढवलेल्या थेंबांना लायपोप्रोटीन म्हणतात. ते पेशीबाहेर पडतात आणि यकृत, स्नायू, मेंदू, डोळे यांच्यापर्यंत मेद पोहोचवतात. आवरणासाठी फॉस्फोलिपिड कमी पडलं तर थेंब गुंडाळले जात नाहीत. ते पेशीतच एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पेशी फुगते. असं पिल्लू एकीकडे तेलानं भरलेलं असतं आणि दुसरीकडे त्याचे अवयव मेदाला पारखे झालेले असतात. भरलेल्या आतड्यासह वाढ खुंटण्याचं कोडं इथे बऱ्याच अंशी उलगडतं.

प्रयोगांनी काय दाखवलं?

या विचाराची सुरुवात जपानमध्ये झाली. कागोशिमा विद्यापीठातल्या अकिओ कानाझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात आयू या माशाच्या पिल्लांच्या खाद्यात लेसिथिन घालून पाहिलं. लेसिथिन म्हणजे फॉस्फोलिपिडांचं मिश्रण, जे सोयाबीनपासून किंवा अंड्याच्या बलकापासून मिळतं. लेसिथिन मिळालेली पिल्लं अधिक वाढली, अधिक जगली, आणि वाकडा जबडा किंवा वाकडा कणा असलेल्या पिल्लांचं प्रमाण घटलं. पुढे फ्रान्समधल्या संशोधकांनी कार्पच्या, म्हणजे आपल्याकडच्या तलावांत वाढवल्या जाणाऱ्या सायप्रिनसच्या, पिल्लांची आतडी कापून तपासली. फॉस्फोलिपिड नसलेल्या खाद्यावर आतड्याच्या पेशींत मेदाचे थेंब साचले होते. कोलीन असलेलं फॉस्फोलिपिड दिल्यावर हा साठा ओसरला. इनॉसिटॉल असलेल्या फॉस्फोलिपिडचा परिणाम मात्र शरीराच्या विकृती घटण्यात अधिक दिसला. फॉस्फोलिपिडांचे प्रकार वेगवेगळी कामं करतात आणि मेद पुढे नेणं हे त्यांपैकी एक काम आहे, हे यावरून कळलं.

सर्वांत ठोस पुरावा मात्र युरोपीय सीबासचा आहे. फ्रान्समध्ये ब्रेस्ट शहराजवळच्या इफ्रेमेर या सागरी संशोधन संस्थेतले शांताल काहू, होजे लुई झांबोनिनो-इन्फांते आणि सहकारी यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जन्मानंतरच्या ९ व्या दिवसापासून ४० व्या दिवसापर्यंत पिल्लांना पाच वेगवेगळी खाद्यं दिली. पाचही खाद्यांत प्रथिनं सारखी होती आणि एकूण मेदही सारखाच होता. बदललं ते फक्त मेदाचं रूप. एक किलो कोरड्या खाद्यात फॉस्फोलिपिडचं प्रमाण २७ ग्रॅमपासून ११६ ग्रॅमपर्यंत चढत नेलं होतं. सर्वाधिक फॉस्फोलिपिड असलेल्या खाद्यावर पिल्लं सर्वांत जास्त वाढली, ७३ टक्के पिल्लं जगली आणि विकृती फक्त २ टक्के पिल्लांत दिसली. फॉस्फोलिपिड जास्त मिळालेल्या पिल्लांच्या सूक्ष्मांकुरांवरची विकरं आतडं नीट पक्व झाल्याचं दाखवत होती.

याच प्रयोगातला आणखी एक निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. खाद्यात फॉस्फोलिपिड वाढवत गेलं तसं फॉस्फोलायपेज ए२ तयार करण्याचं प्रमाणही पिल्लानं पायरीपायरीनं आणि मोठ्या फरकानं वाढवलं. तेलाला मिळालेला लायपेजचा प्रतिसाद इतका सरळ नव्हता. एका मर्यादेनंतर तो वाढायचा थांबला. एवढंसं पिल्लूही आपलं पचन खाद्यानुसार बदलत असतं, आणि फॉस्फोलिपिड हाताळण्याची त्याची तयारी तेल हाताळण्याच्या तयारीपेक्षा सरस असते. जन्मापासून बलक खाऊन वाढलेल्या जिवाकडून दुसरी कसली अपेक्षा करावी?

डीएचए असणं पुरेसं आहे का?

माशांच्या पोषणाची चर्चा आली की ओमेगा-३ मेदाम्लांचं नाव येतंच, विशेषतः डीएचएचं. हे २२ कार्बनांचं लांब मेदाम्ल आहे आणि मेंदूत व डोळ्यांच्या पडद्यात ते भरपूर लागतं. हेरिंग माशाच्या बाल्यावस्थेतल्या पिल्लांवर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डीएचए न मिळालेल्या पिल्लांना मंद उजेडात भक्ष्य नीट दिसत नसल्याचं आढळलं. गोड्या पाण्यातले बरेच मासे वनस्पतींमधल्या लहान मेदाम्लांपासून थोडंफार डीएचए बनवतात. समुद्री माशांना हे फारसं जमत नाही, म्हणून त्यांच्या पिल्लांना ते खाद्यातूनच द्यावं लागतं. यातून हॅचरीत एक सरळ हिशेब रुजला: डीएचए हवं, तर माशाचं तेल वाढवा.

हा हिशेब कुठे चुकतो ते निसर्गातल्या खाद्याकडे पाहिलं की कळतं. समुद्रात आणि खाडीत माशांची पिल्लं कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांवर वाढतात. त्यांच्या मेदाचा मोठा भाग फॉस्फोलिपिडच्या रूपात असतो आणि डीएचएही बऱ्याच अंशी त्या फॉस्फोलिपिडमध्येच गुंफलेलं असतं. हॅचरीत कोपेपॉड पुरेशा संख्येनं वाढवणं कठीण, म्हणून पिल्लांना आधी रोटिफर आणि नंतर आर्टेमिया हे बारीक जलचर जिवंत खाद्य म्हणून देतात. आर्टेमियाची अंडी डब्यात वर्षानुवर्षं टिकतात आणि हवी तेव्हा उबवता येतात. जगात ती मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतात. पण आर्टेमियात डीएचए जवळजवळ नसतं. म्हणून त्याला काही तास तेलाच्या द्रावणात ठेवून ‘समृद्ध’ केलं जातं. यामुळे डीएचए वाढतं, पण ते बहुतांशी ट्रायग्लिसराइडच्या रूपात वाढतं. शिवाय आर्टेमिया स्वतःच त्यातलं काही डीएचए दुसऱ्या मेदाम्लात बदलून टाकतो. युरोपीय सीबासवरच्या पुढच्या प्रयोगांत तीच लांब मेदाम्लं एका गटाला फॉस्फोलिपिडमधून आणि दुसऱ्याला तेलातून दिली, तेव्हा फॉस्फोलिपिडवाला गट सरस ठरला आणि तेलवाल्या गटाच्या यकृतात मेद साचलेला दिसला. डीएचए खाद्यात असणं पुरेसं नाही. ते पिल्लाला उचलता येईल अशा रूपात असावं लागतं.

काही आक्षेप आणि त्यांची उत्तरं

पहिला आक्षेप विकरांचा. लायपेज पिल्लात तोंड उघडण्याच्या सुमारासच सापडतं, मग तेल पचत नाही असं कसं म्हणता? उत्तर असं, की तेल मुळीच पचत नाही असा दावाच नाही. सुरुवातीला ही क्षमता मर्यादित असते, ती ओलांडली की पचनही कमी पडतं. पण त्याहून महत्त्वाची अडचण पचनानंतरची आहे. लायपेजनं मेदाम्लं सुटी केली आणि पेशीनं ती शोषलीही, तरी आवरणाशिवाय ती पुढे जाणार नाहीत. कार्पच्या आतड्यात थेंब साचले होते ते पेशींच्या आत, याचाच अर्थ पचन आणि शोषण झालेलं होतं.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. आतड्याच्या पेशींत मेदाचे थेंब दिसणं हा आजारच कशावरून? जिवंत खाद्यावर धडधाकट वाढणाऱ्या पिल्लांतही जेवणानंतर असे थेंब दिसतात. हे खरं आहे. मेद तात्पुरता साठवून ठेवणं हा आतड्याचा नेहमीचा व्यवहार आहे. म्हणून नुसते थेंब पाहून निदान करू नये. ते किती काळ टिकतात, पेशी किती फुगली आहे, आणि त्याच वेळी सूक्ष्मांकुरांची विकरं, यकृत आणि वाढ कशी आहे, हे सगळं एकत्र पाहावं. वर सांगितलेले निष्कर्ष याच एकत्रित पाहणीवर उभे आहेत.

तिसरा आक्षेप असा, की लेसिथिनमुळे खाद्याची चव सुधारत असेल किंवा खाद्यातली पोषकं पाण्यात कमी विरघळत असतील, आणि त्यामुळेच वाढ होत असेल. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. पण चव हेच कारण असतं तर मोठ्या माशांनाही सारखाच फायदा झाला असता. अटलांटिक सामनवरच्या अभ्यासांत लेसिथिनचा लाभ अगदी लहान पिल्लांना झाला आणि वजन वाढल्यावर तो दिसेनासा झाला. वयानुसार गरज ओसरणं हे शरीराची स्वतःची निर्मितीक्षमता वाढत गेल्याचंच लक्षण आहे. शिवाय नुसतं जास्त खाल्ल्यानं कणा सरळ होत नाही. विकृती घटण्याचं उत्तर चवीत सापडत नाही.

हे सगळं समुद्री माशांपुरतंच आहे, असंही कोणी म्हणेल. कार्प गोड्या पाण्यातला आहे आणि त्याला तर आयुष्यभर जठर नसतं. पाइकपर्च हा युरोपातला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. त्याच्या पिल्लांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुमारे १, ५ आणि ९ टक्के फॉस्फोलिपिड असलेली खाद्यं दिली गेली. ९ टक्क्यांवर वाढ सर्वांत चांगली झाली. म्हणजे प्रमाण प्रजातीनुसार बदलेल, पण तत्त्व दोन्ही पाण्यांत लागू पडतं.

शेवटचा आक्षेप उलट बाजूचा आहे. फॉस्फोलिपिड इतकं गुणकारी असेल तर ते हवं तेवढं घालावं का? तसं मुळीच नाही. लांब ओमेगा-३ मेदाम्लं फॉस्फोलिपिडमधूनही अति झाली तर युरोपीय सीबासच्या पिल्लांत सांगाड्याच्या विकृती वाढतात. ही मेदाम्लं हवेच्या संपर्कात लवकर खवट होतात आणि खवट मेद पेशींना अपाय करतो, म्हणून त्यांच्यासोबत ई आणि क जीवनसत्त्वांचाही विचार करावा लागतो. आणि पिल्लू मोठं होईल तसं ऊर्जेसाठी तेल उपयोगी ठरतंच. तेल टाळावं असं इथलं म्हणणं नाही. पहिल्या आठवड्यांत फॉस्फोलिपिडची सोबत असल्याशिवाय तेल वाढवू नये, एवढंच म्हणणं आहे.

चौकट: थोडक्यात

- नवजात पिल्लाचं आतडं अर्धवट घडलेलं असतं. ते खाद्य पचवता पचवताच पक्व होतं.
- तेल म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइड. ते ऊर्जा देतं, पण पेशीचं आवरण त्याचं बनत नाही.
- फॉस्फोलिपिड दुहेरी उपयोगी आहे: पेशींचं आवरण त्याचं बनतं, आणि मेद आतड्यातून रक्तात नेणाऱ्या थेंबांचं आवरणही त्याचंच असतं.
- फॉस्फोलिपिड कमी आणि तेल जास्त असलं की मेद आतड्याच्या पेशींत साचतो आणि अवयव उपाशी राहतात.
- युरोपीय सीबासच्या पिल्लांना किलोमागे ११६ ग्रॅम फॉस्फोलिपिड असलेलं खाद्य सर्वांत मानवलं.
- डीएचए शक्यतो फॉस्फोलिपिडच्या रूपात द्यावं, पण अतिरेक टाळावा.

कोकणातल्या बीजासाठी याचा अर्थ

आज राज्याच्या कांदळवन कक्षाच्या योजनांतून कोकणच्या खाड्यांत जिताडा पिंजऱ्यांत वाढवला जातो. या व्यवसायाचा पाया बीज आहे, आणि बीजाचा दर्जा पहिल्या काही आठवड्यांतच ठरतो. जिताड्यात तर ही गोष्ट आणखी तीव्र होते. या माशाची मोठी पिल्लं छोट्या पिल्लांना गिळतात, त्यामुळे आकारात फरक पडला की नुकसान वाढत जातं. ज्या पिल्लांचं आतडं मागे पडतं ती वाढीतही मागे पडतात आणि भावंडांच्या तोंडी जातात. म्हणून सगळ्या पिल्लांचं आतडं वेळेवर पक्व होणं हे जगण्याच्या टक्केवारीशी थेट जोडलेलं आहे.

उपाय आपल्या आवाक्यात आहेत. सोयाबीन तेल शुद्ध करताना जो चिकट भाग वेगळा काढला जातो त्यापासून लेसिथिन मिळतं, आणि महाराष्ट्र हे सोयाबीनचं मोठं राज्य आहे. फॉस्फोलिपिडचा कणा पुरवायला हे लेसिथिन चांगलं आहे, पण त्यात डीएचए नसतं. ती उणीव माशांची गाभोळी, स्क्विड किंवा क्रिल यांच्यापासून मिळणाऱ्या सागरी फॉस्फोलिपिडनं भरून काढता येते. दोन्हींचं मिश्रण करून, पिल्लाच्या वयानुसार प्रमाण ठरवून सूक्ष्मखाद्य बनवणं हे खर्चाच्या दृष्टीनंही शहाणपणाचं आहे. आपल्या खाड्यांमधले कोपेपॉड हॅचरीत टिकवून वाढवण्याचं तंत्रही तितक्याच गांभीर्यानं विकसित व्हायला हवं, कारण पहिल्या दिवसांत थोडे कोपेपॉड मिळाले तरी पिल्लाला त्याच्या सवयीचा मेद मिळतो.

पण सर्वांत आधी करता येण्याजोगी गोष्ट अगदी साधी आहे. पिल्लांच्या खाद्याच्या पिशवीवर सहसा ‘क्रूड फॅट’ असा एकच आकडा छापलेला असतो. त्या आकड्यात तेल आणि फॉस्फोलिपिड एकत्र मोजलेलं असतं, आणि पिल्लाच्या दृष्टीनं जो फरक जगण्या-मरण्याचा आहे तोच त्यात पुसला जातो. सीबासच्या त्या प्रयोगातल्या पाचही खाद्यांचा एकूण मेदाचा आकडा सारखाच होता, आणि पिल्लांचं नशीब मात्र वेगवेगळं ठरलं. हॅचरी चालवणाऱ्यांनी खाद्य घेताना फॉस्फोलिपिडचं प्रमाण किती आणि डीएचए कोणत्या रूपात आहे हे विचारावं, खाद्य बनवणाऱ्यांनी ते पिशवीवर छापावं, आणि अनुदान देणाऱ्या यंत्रणांनी ते छापणं बंधनकारक करावं. एकूण मेदाच्या आकड्यावर खाद्य निवडणं आता पुरेसं नाही, एवढं या चाळीस वर्षांच्या संशोधनानं नक्की सांगितलं आहे.